‘से’ की ‘टेल’? सारख्या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांतली चूक शोधण्याचा क्रम

लक्षणे

मराठी माध्यमातून शिकलेल्या मंडळींचे इंग्रजी अर्ज, पत्रे, अहवाल आणि प्रबंध तपासून देण्याचे काम मी करते. या मसुद्यांत स्पेलिंगच्या चुका आता फारशा उरलेल्या नाहीत, कारण त्या संगणकच दाखवून देतो. एक दोष मात्र हटता हटत नाही. जवळजवळ एकाच अर्थाची दोन-तीन क्रियापदे समोर असताना नेमके नको ते क्रियापद वाक्यात येऊन बसते. पुढीलसारखी वाक्ये आपल्या हातून पुन्हा पुन्हा लिहिली जात असतील, तर दोष हाच आहे असे समजावे.

- ‘ही सेड मी दॅट द ऑफिस इज क्लोज्ड’, ‘प्लीज एक्स्प्लेन मी धिस पॉइंट’, ‘वुई डिस्कस्ड अबाउट द बजेट’.
- ‘प्लीज बॉरो मी युअर पेन’, ‘रिमेंबर मी टुमॉरो’, ‘ही डिनाइड टू कम’.
- ‘आय अ‍ॅम फाइंडिंग माय कीज’, ‘आय न्यू अबाउट द मीटिंग ओन्ली यस्टर्डे’.
- ‘क्लोज द फॅन’, ‘द रेल्वे रोज द फेअर’.

याशिवाय एक लक्षण असे आहे की ते लिहिणाऱ्याला दिसतच नाही. वाक्य व्याकरणाने शुद्ध असते, ओळखीच्या लोकांना ते समजतेही, परंतु परदेशातला वाचक त्याचा भलताच, प्रसंगी उलटा अर्थ घेतो. ‘आय गेव्ह द एग्झाम’ हे त्याचे ठळक उदाहरण असून त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

या सर्व वाक्यांत लिहिणाऱ्याला क्रियापदाचा अर्थ ठाऊक असतो. शब्दकोश उघडला तर त्याचा अर्थ बरोबरच निघतो. चूक असते ती त्या क्रियापदापुढे काय येऊ शकते, त्याचा कर्ता कोण असू शकतो आणि क्रिया कोणाच्या बाजूने पाहिलेली आहे, या गोष्टींत. म्हणूनच ‘या दोन शब्दांच्या अर्थात फरक काय’ या प्रश्नाने सुरुवात केली, तर बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही, आणि समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ केल्याने घोळ उलट वाढतो. खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जातात. दोष सापडला की तिथेच थांबावे. पुढची पायरी चढण्याची गरज नाही.

पहिली तपासणी: मनातले मराठी वाक्य पूर्ण लिहून काढावे

याला पैसे लागत नाहीत आणि वेळही लागत नाही; तरीही सर्वांत जास्त वेळा हीच तपासणी वगळली जाते. मनात एकच मराठी क्रियापद धरायचे आणि त्याला इंग्रजी प्रतिशब्द शोधायचा, या सवयीतून निम्मा घोळ निर्माण होतो. ‘लावणे’ हे क्रियापद पाहा. ‘दार लाव’ म्हणताना आपण दार बंद करायला सांगतो आणि ‘पंखा लाव’ म्हणताना पंखा चालू करायला सांगतो. पहिल्यासाठी ‘शट’ लागेल, दुसऱ्यासाठी ‘स्विच ऑन’. मलम लावतो तेव्हा ‘अप्लाय’, अंगणात रोप लावतो तेव्हा ‘प्लांट’, गाणी लावतो तेव्हा ‘प्ले’, पाकिटाला तिकीट लावतो तेव्हा ‘स्टिक’ आणि एखाद्या कामाला उगाच वेळ लावतो तेव्हा ‘टेक’. ‘बंद करणे’ याचेही तसेच आहे: दार, दुकान किंवा बँकेतले खाते बंद करायचे असेल तर ‘क्लोज’ चालते, पण दिवा आणि पंखा ‘स्विच ऑफ’ होतात, नळ ‘टर्न ऑफ’ होतो आणि बडबड ‘स्टॉप’ होते. ‘क्लोज द फॅन’ हे वाक्य इथूनच आलेले असते.

कर्ता, कर्म आणि क्रियापद यांसह पूर्ण वाक्य कागदावर उतरले की आपल्याला कोणता ‘लावणे’ अभिप्रेत आहे हे आपोआप ठरते. मोबाइलवरच्या भाषांतराच्या सोयीलाही हाच नियम लागू आहे. तिला एकटा शब्द दिला तर ती सर्वांत रुळलेला प्रतिशब्द पुढे करते; पूर्ण वाक्य दिले तर उत्तर पुष्कळ बरे येते.

दुसरी तपासणी: क्रियापदापुढे काय येते ते पाहावे

माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांतल्या बहुसंख्य चुका या पायरीवर सापडतात, त्यामुळे इथे थोडे थांबणे योग्य ठरेल.

मराठीत ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्याने मला सांगितले’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. ऐकणारी व्यक्ती दोन्हीकडे ‘मला’ याच रूपात येते, त्यामुळे या दोन क्रियापदांची मांडणी वेगळी असू शकते, अशी शंकाही आपल्या मनात येत नाही. इंग्रजीत मात्र ‘टेल’ या क्रियापदाला ऐकणारा लगेच पुढे लागतो, तर ‘से’ पुढे बोललेला मजकूर येतो आणि ऐकणाऱ्याचा उल्लेख करायचाच असेल तर मध्ये ‘टू’ घालावा लागतो. म्हणून ‘ही टोल्ड मी दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड’ किंवा नुसते ‘ही सेड दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड’. अपवाद थोडे आहेत आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत: गोष्ट, खरे, खोटे, वेळ आणि फरक या गोष्टी ऐकणाऱ्याचा उल्लेख न करताही ‘टेल’ करता येतात. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ या दोहोंत बोललेला मजकूर येत नाही, बोलण्याची क्रिया येते. म्हणून ‘ही स्पोक दॅट’ असे वाक्य होत नाही. त्या दोघांतही फरक आहे. भाषा ‘स्पीक’ केली जाते, सभेपुढे आणि औपचारिक प्रसंगी ‘स्पीक’ होते, तर दोघांच्या गप्पांना ‘टॉक’ अधिक शोभते.

‘समजावून सांगणे’, ‘सुचवणे’, ‘वर्णन करून सांगणे’ यांच्या आधीही मराठीत ‘मला’ सहज येते, पण ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘मेन्शन’, ‘अनाउन्स’ या सर्वांना ‘टू’ हवा. ‘गिव्ह’, ‘शो’, ‘टीच’, ‘सेंड’ यांना तो नको. यामागे इतिहास आहे आणि तो ठाऊक असला तर पाठांतर हलके होते. सन १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिनमधून असंख्य शब्द इंग्रजीत आले. रोजच्या वापरातली लहान, जुनी, मूळची जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या स्वतःच्या भाषाकुळातली क्रियापदे दोन कर्मे शेजारी शेजारी घेतात. बाहेरून आलेली लांब क्रियापदे बहुधा घेत नाहीत. म्हणूनच ‘गिव्ह द स्कूल अ कंप्यूटर’ चालते, पण ‘डोनेट’ वापरले की ‘डोनेट अ कंप्यूटर टू द स्कूल’ असेच लिहावे लागते. हा कल आहे, अभेद्य नियम नाही. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ बाहेरून येऊनही दोन कर्मे घेतात, आणि ‘से’ जुने असूनही घेत नाही. तरीही शंका आल्यावर पहिला अंदाज बांधायला तो पुरेसा उपयोगी पडतो.

याच्या उलट बाजूची चूक म्हणजे नको तिथे शब्द घालणे. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येते. आपण कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते. ‘डिस्कस’ आणि ‘मॅरी’ दोन्ही थेट कर्म घेतात. पत्राला उत्तर देण्यासाठी ‘आन्सर’ वापरले तर ‘आन्सर द लेटर’, पण ‘रिप्लाय’ वापरले तर ‘रिप्लाय टू द लेटर’. ‘सर्च’ या क्रियापदात तर एवढ्या एका शब्दाने अर्थच बदलतो. ‘द पोलीस सर्च्ड द हाउस’ म्हणजे पोलिसांनी घराची झडती घेतली, आणि ‘द पोलीस सर्च्ड फॉर द हाउस’ म्हणजे त्यांना घरच सापडत नव्हते.

ही तपासणी करायला परभाषिक विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. इंग्रजी-मराठी कोश अर्थ देतो, पण क्रियापदाची मांडणी बहुधा देत नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांना हीच अडचण दिसली होती. विद्यार्थ्यांना अर्थ येतो पण वाक्य बसत नाही, हे ओळखून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक क्रियापद कोणत्या रचनेत चालते हे नोंदवणारा कोश १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध केला. ऑक्सफर्डने तो १९४८ साली आपल्याकडे घेतला आणि आजचा ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी हा त्याचाच वंशज आहे. तो आणि त्याच्यासारखे इतर विद्यार्थी-कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. क्रियापद उघडल्यावर अर्थ वाचण्याआधी उदाहरणाची वाक्ये वाचावीत आणि क्रियापदाच्या लगेच पुढे काय आहे तेवढेच पाहावे.

तिसरी तपासणी: क्रिया कोणाच्या बाजूने पाहिली आहे

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ हे एकाच व्यवहाराचे दोन चेहरे आहेत. वस्तू ज्याच्या हातून सुटते तो ‘लेंड’ करतो, ज्याच्या हाती येते तो ‘बॉरो’ करतो. मराठीत दोन्हीकडे ‘उसने’ हा शब्द असतो आणि ‘देणे’ की ‘घेणे’ यावरून दिशा ठरते. इंग्रजीत दिशा क्रियापदाच्या पोटातच आहे. म्हणून वाक्यात ‘उसने दे’ असेल तर ‘लेंड’, ‘उसने घेऊ का’ असेल तर ‘बॉरो’. ‘आठवणे’ आणि ‘आठवण करून देणे’ यांचेही असेच. पहिल्यासाठी ‘रिमेंबर’, दुसऱ्यासाठी ‘रिमाइंड’. म्हणजे उद्या आपल्याला कोणी आठवण करून द्यावी असे वाटत असेल तर ‘रिमाइंड मी’ म्हणावे.

काही जोड्यांत मराठीने फरक तयारच ठेवलेला आहे आणि केवळ त्याकडे लक्ष द्यायचे असते. चोर बँक लुटतात आणि पैसे चोरतात: ‘रॉब’चे कर्म बँक, ‘स्टील’चे कर्म पैसे. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने श्रीलंकेला हरवले आणि विश्वचषक जिंकला: ‘बीट’चे कर्म प्रतिस्पर्धी, ‘विन’चे कर्म सामना, चषक, नाणेफेक किंवा निवडणूक. ‘इंडिया वन श्रीलंका’ असे लिहिले तर श्रीलंका हा देशच बक्षीस म्हणून मिळाला, असा अर्थ होतो.

परीक्षेची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, ब्रिटनमध्ये ‘सिट’ करतो, आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात, ‘सेट’ करतात किंवा ‘कंडक्ट’ करतात. परदेशी विद्यापीठाकडे पाठवायच्या अर्जात ‘आय गेव्ह द फायनल एग्झाम इन एप्रिल’ असे वाक्य गेले, तर अर्जदाराने परीक्षा घेतली, म्हणजे तो शिकवत होता, असे वाचणाऱ्याला वाटू शकते. मी अशा अर्जांत सर्वांत आधी हेच वाक्य शोधते. भारतात रूढ असलेले ‘अपिअर फॉर’ आपल्याकडच्या पत्रव्यवहारात निःसंकोच वापरावे, ते इथे सर्वांना समजते; परदेशी पत्रव्यवहारात ‘टेक’ लिहावे.

‘कम’ आणि ‘गो’, तसेच ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांत मराठी माणूस खरे तर फारसा चुकू नये, कारण येणे, जाणे, आणणे, नेणे यांची दिशा बहुतेक ठिकाणी इंग्रजीशी जुळते. नागपूरहून पुण्याला फोन करून ‘मी शनिवारी तुमच्याकडे येते, येताना कागदपत्रे घेऊन येते’ असे म्हटले तर इंग्रजीतही ‘कम’ आणि ‘ब्रिंग’ हेच लागतात. अपवाद निरोप घेण्याचा. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये असा आपला संकेत आहे, म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. तेच ‘आय विल कम’ म्हणून इंग्रजीत गेले की समोरचा माणूस गोंधळतो. तिथे ‘आय शुड गो नाऊ’ म्हणावे.

चौथी तपासणी: क्रिया कर्त्याच्या हातात आहे का

फळा दिसतो का, असे विचारणे वेगळे आणि फळ्याकडे पाहा, असे सांगणे वेगळे. पहिल्यासाठी ‘सी’, दुसऱ्यासाठी ‘लुक’. दिसणे आपल्या इच्छेवर नसते. डोळे उघडे असले की घडते. पाहणे आपण करतो. हेच नाते ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’ यांच्यात आहे आणि तेच ‘हिअर’ व ‘लिसन’ यांच्यात आहे. ‘सापडणे’ आणि ‘शोधणे’ यांतही तेच: चावी मला सापडली तर ‘फाइंड’, मी शोधतो आहे तर ‘लुक फॉर’. ‘आय अ‍ॅम फाइंडिंग माय कीज’ हे वाक्य चुकीचे ठरते ते यामुळेच, कारण सापडणे ही करत राहण्याची क्रिया नव्हे.

इथे मराठीने आपल्याला एक अत्यंत भरवशाची खूण दिली आहे. मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होत असेल, म्हणजे मला दिसते, मला ऐकू येते, मला सापडले, मला आठवते, मला आवडते, मला माहीत आहे, तर इंग्रजी क्रियापद बहुधा कर्त्याच्या ताब्याबाहेरचे असते आणि त्याला सहसा ‘इंग’ लागत नाही. वाक्य ‘मी’ने सुरू होत असेल, म्हणजे मी पाहतो, मी ऐकतो, मी शोधतो, तर क्रियापद हेतुपूर्वक करण्याचे असते आणि ‘इंग’ सुखाने लागते. ‘आय अ‍ॅम नोइंग’ आणि ‘आय अ‍ॅम हिअरिंग ओल्ड साँग्ज’ या चुका या एका खुणेने पकडता येतात.

‘लुक’ आणि ‘वॉच’ यांतला फरक या खुणेने सुटत नाही, कारण दोन्ही ‘मी’ची क्रियापदे आहेत. जे हलते, बदलते किंवा पुढे काही घडणार म्हणून आपण ज्याच्यावर लक्ष ठेवून राहतो ते ‘वॉच’: सामना, चुलीवरचे दूध, अंगणात खेळणारे मूल. छायाचित्राकडे किंवा भिंतीकडे ‘लुक’ होते. चित्रपट, डॉक्टर आणि प्रेक्षणीय स्थळे मात्र ‘सी’ केली जातात; ही तीन उदाहरणे पाठ करून ठेवणेच सोयीचे.

पाचवी तपासणी: घडली ती घटना की टिकलेली स्थिती

‘मी दहाला झोपलो, पण झोप बाराला लागली’ हे वाक्य इंग्रजीत न्यायचे आहे असे समजू. ‘स्लीप’ दोन्हीकडे चालणार नाही. दहाला झाले ते ‘वेंट टू बेड’, बाराला झाले ते ‘फेल अस्लीप’, आणि बारापासून सकाळपर्यंत चालले ते ‘स्लेप्ट’. इंग्रजीत एखाद्या स्थितीत शिरण्याला एक क्रियापद आणि त्या स्थितीत असण्याला दुसरे, अशी विभागणी वारंवार आढळते आणि मराठी बोलणाऱ्याला ती मुळीच परकी नाही. बैठकीविषयी मला काल कळले असेल तर ‘फाउंड आउट’ किंवा ‘हर्ड’ लिहावे. ‘न्यू’ लिहिले तर ती गोष्ट मला काल आधीपासून माहीत होती असा अर्थ होतो, आणि कार्यालयीन पत्रात हा फरक एखाद्याला अडचणीत आणू शकतो.

दोन ठिकाणी मराठी शब्द एकच असल्यामुळे विशेष लक्ष द्यावे लागते. ‘मी त्याला ओळखतो’ यात ‘नो’ आहे, पण ‘मी त्याला गर्दीत ओळखले’ यात ‘रेकग्नाइज’ आहे. स्वेटर अंगावर चढवण्याच्या क्रियेला ‘पुट ऑन’ आणि तो अंगावर असण्याला ‘वेअर’ म्हणतात, आपण मात्र दोन्हीसाठी ‘घालणे’ हेच वापरतो.

सहावी तपासणी: आपोआप झाले की कोणी केले

भाडे वाढले तर ‘रोज’, रेल्वेने भाडे वाढवले तर ‘रेज्ड’. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, मरणे आणि मारणे अशा जोड्या मराठीत जिवंत आहेत. इंग्रजीतही जुन्या काळी अशा जोड्या बनत असत आणि त्यांतल्या थोड्याच आज टिकल्या आहेत: ‘राइज’ आणि ‘रेज’, ‘सिट’ आणि ‘सेट’, ‘लाय’ आणि ‘ले’, तसेच झाड पाडण्यासाठी ‘फॉल’वरून आलेले ‘फेल’. शंका आली की मराठीत ‘वाढले’ म्हणायचे आहे की ‘वाढवले’, एवढेच स्वतःला विचारावे.

‘लाय’ आणि ‘ले’ यांच्या रूपांत मात्र खरी अडचण आहे, कारण ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असाच होतो आणि ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’. खोटे बोलण्याचा ‘लाय’ वेगळाच असून त्याचा भूतकाळ ‘लाइड’ होतो. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही इथे अडखळतात. ज्याला धोका पत्करायचा नसेल त्याने ठेवण्यासाठी सरळ ‘पुट’ वापरावे. अर्थ शाबूत राहतो आणि चूक टळते.

सातवी तपासणी: कोणत्या नामाच्या संगतीत चालते

इथपर्यंतच्या तपासण्यांना तर्क होता. या पायरीवर तर्क थोडा आणि वहिवाट फार. फी भरली तर ‘पे’, फॉर्म भरला तर ‘फिल इन’, पाणी भरले तर ‘फिल’, हे मराठी वाक्यावरून समजते. पण चूक ‘मेक’ केली जाते, गुन्हा ‘कमिट’ केला जातो, गृहपाठ ‘डू’ केला जातो आणि लक्ष ‘पे’ केले जाते, याला पटण्याजोगे कारण देता येत नाही. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडला, आणि पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजी मजकुराच्या संगणकीय साठ्यावरून तयार झालेला कोबिल्ड कोश १९८७ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने अशा कोशात क्रियापद न शोधता नाम शोधावे. ‘डिसिजन’ उघडले की त्यासोबत ‘मेक’ आणि ‘टेक’ दोन्ही दिसतील, आणि ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश वळणाचे आहे हेही कळेल.

कोशाने समाधान झाले नाही, तर मजकुराच्या मोठ्या साठ्यांकडे वळावे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या साठ्यात सुमारे दहा कोटी शब्द आहेत आणि समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या कोका या साठ्यात शंभर कोटींहून अधिक. दोन्ही इंटरनेटवर नोंदणी करून पाहता येतात. शोधल्यावर केवळ आकडा पाहून निर्णय घेऊ नये. समोर आलेल्या ओळींपैकी दहा-पंधरा ओळी वाचाव्यात, कारण आपल्याला हवा असलेला अर्थ त्या ओळींत आहे की दुसराच काही, हे आकडा सांगत नाही. या कामाला वेळ लागतो. प्रबंधासाठी तो द्यावा. रोजच्या ईमेलसाठी देऊ नये.

आठवी तपासणी: क्रियापदातून लिहिणाऱ्याची भूमिका दिसते का

सर्वांत अवघड फरक इथे आहे, कारण इथे वाक्य व्याकरणाने पूर्ण शुद्ध असते. कोणी काही ‘से’ केले तर आपण तटस्थ राहतो, ‘क्लेम’ केले असे लिहिले तर आपल्याला शंका आहे असे वाचकाला वाटते, ‘अ‍ॅडमिट’ केले असे लिहिले तर ती गोष्ट त्याच्या विरोधात जाणारी होती असे सूचित होते. संशोधन करणाऱ्यांनी पूर्वसूरींच्या कामाचा आढावा घेताना ‘प्रूव्ह’, ‘शो’ आणि ‘सजेस्ट’ एकमेकांच्या जागी वापरू नयेत. शंभर जणांच्या पाहणीतून एखादी गोष्ट सूचित होऊ शकते. ती सिद्ध झाली असे लिहिले, तर दोष भाषेचा न राहता संशोधनाचा होतो आणि परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

‘नाकारणे’ या एका मराठी शब्दाचे चार तुकडे इंग्रजीत होतात. विनंती किंवा एखादे काम करायला नकार दिला तर ‘रिफ्यूज’, तोच नकार नम्रपणे दिला तर ‘डिक्लाइन’, प्रस्ताव किंवा अर्ज फेटाळला तर ‘रिजेक्ट’, आणि आरोप खरा नाही असे म्हटले तर ‘डिनाय’. म्हणून ‘ही डिनाइड टू कम’ होत नाही, ‘ही रिफ्यूज्ड टू कम’ होते. भारतीय कार्यालयांत उत्तर पाठवण्यासाठी रूढ झालेले ‘रिव्हर्ट’ही याच पायरीवर तपासावे. देशात ते समजते, पण देशाबाहेर त्याचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा घेतला जाण्याची शक्यता असते. तिथे ‘रिप्लाय’ लिहिणे सुरक्षित.

कुठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

वरच्या आठ पायऱ्या पत्र, अर्ज, मुलाखत, अहवाल आणि परीक्षेतला निबंध यांना पुरतात. क्रियापदाच्या निवडीवर हक्क, पैसा, नोकरी किंवा आरोग्य अवलंबून असेल, तर कोश बंद करून वकील, अधिकृत भाषांतरकार किंवा संबंधित डॉक्टर यांच्याकडेच जावे. ही निव्वळ सावधगिरीची सूचना नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या आदेश ८, नियम ५ प्रमाणे दाव्यातले जे कथन प्रतिवादीने स्पष्टपणे ‘डिनाय’ केलेले नसेल, ते त्याने मान्य केले असे सामान्यतः धरले जाते. तिथे ‘डिनाय’ऐवजी दुसरे काही गुळमुळीत लिहिणे महागात पडू शकते.

‘अ‍ॅक्नॉलेज’ या क्रियापदाबाबत मी लोकांना विशेष आग्रहाने सांगते. पत्र मिळाले एवढेच कळवायचे असेल तर ‘अ‍ॅक्नॉलेज रिसीट ऑफ युअर लेटर’ इतकेच लिहावे. कर्ज देणाऱ्याला पाठवलेल्या पत्रात ‘आय अ‍ॅक्नॉलेज द डेट’ असे गेले आणि त्याखाली सही असली, तर मुदत कायदा, १९६३ याच्या कलम १८ प्रमाणे मुदत संपण्याआधी दिलेल्या अशा लेखी कबुलीपासून वसुलीच्या दाव्याची मुदत नव्याने मोजली जाऊ शकते. विभागीय चौकशीचे उत्तर, विम्याचा दावा, भाडेकरार, व्हिसासाठीचे प्रतिज्ञापत्र, शस्त्रक्रियेचे संमतिपत्र यांपैकी कोणत्याही कागदावर मी स्वतः क्रियापद बदलत नाही. शंका नोंदवते आणि कागद योग्य माणसाकडे पाठवते.

तज्ज्ञाकडे मसुदा देताना नुसते इंग्रजी वाक्य देऊ नये. त्याच्या शेजारी मूळ मराठी वाक्य पूर्ण लिहावे, ज्या क्रियापदाविषयी शंका आहे त्याखाली रेघ मारावी आणि कोणत्या दोन शब्दांत निवड होत नाही तेही नोंदवावे. आपल्याला नेमके काय म्हणायचे होते हे त्याला मराठी वाक्यावरूनच कळते.